आतडं जोडलेलं मूत्राशय आणि नऊ वर्षांनंतरचा एक रिपोर्ट

रिपोर्ट एकाच पानाचा होता. नमुना: मूत्राशयाची बायोप्सी. मुलगी, वय १५. तक्रार: लघवीतून रक्त. खाली निष्कर्ष: ग्रंथींची गाठ, विलस अॅडिनोमा असावा, अॅडिनोकार्सिनोमा नाकारता येत नाही. या शेवटच्या वाक्याने, म्हणजे ग्रंथींच्या कॅन्सरच्या शक्यतेने, घरात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. मुलीचे वडील दुसऱ्या मतासाठी तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या घेऊन माझ्या लॅबमध्ये आले, तेव्हा रात्रभर झोपले नसल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे नातेवाईक तुकडे हातात घेऊन एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये जातात, यात नवीन काही नाही. मुलीची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

पंधरा वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात ग्रंथींचा कॅन्सर ही फारच दुर्मीळ गोष्ट. तो संशय कागदावर उतरवण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: हिचं आधी कधी ऑपरेशन झालंय का? फॉर्मवर तो रकाना कोरा होता. मी वडिलांना विचारलं. बोलण्याआधी त्यांनी स्वतःच्या शर्टावरून बोट फिरवून दाखवलं, बेंबीपासून सरळ खाली. "सहा वर्षांची होती तेव्हा पुण्याला केलंय मॅडम. आतडं कापून लघवीची पिशवी मोठी केली. आता बेंबीतनं नळी घालती ती."

निम्मं निदान तिथेच झालं. काचपट्टीवर आतड्याच्या ग्रंथी दिसणारच होत्या, कारण तिच्या मूत्राशयाची जवळपास अर्धी भिंत आतड्याची आहे. ज्यांनी पहिला रिपोर्ट लिहिला त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी वेगळं काही लिहिता आलं नसतं.

आधी काय झालं होतं

मुलगी जन्मली तीच पाठीवर उघडी गाठ घेऊन. वैद्यकीय नाव मायलोमेनिन्गोसील. मणका मागच्या बाजूने जुळत नाही आणि मज्जारज्जू बाहेर येतो. गाठ जन्मानंतर लगेच बंद केली, पुढे डोक्यातलं पाणी काढून देणारी नळी, म्हणजे शंट, बसवला. ती पायात कॅलिपर घालून चालते आणि दहावीला आहे. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शेकडो घरांसारखं घर.

अशा मुलांमध्ये पाय दिसतात, मूत्राशय दिसत नाही. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडून येणाऱ्या नसा बिघडल्या की मूत्राशय वेळेवर सैल होत नाही आणि झाकणही वेळेवर उघडत नाही. पिशवी जाड, लहान आणि ताठर होते. आतला दाब सतत सुमारे ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहिला तर लघवी उलटी वर ढकलली जाते आणि किडन्या हळूहळू खराब होतात. हा आकडा १९८१ पासून मूत्रविकारतज्ज्ञांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. उपाय म्हणून आधी ठरावीक वेळाने स्वच्छ नळीने लघवी काढायची आणि मूत्राशय सैल ठेवणारं ऑक्सिब्युटिनिन द्यायचं. नळी निर्जंतुकच हवी असं नाही, स्वच्छ असली तरी चालते, हे अमेरिकेतल्या जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये मांडलं आणि अशा असंख्य मुलांच्या किडन्या त्यामुळे वाचल्या.

एवढ्याने भागलं नाही तर मूत्राशय मोठं करतात. लहान आतड्याचा वीसेक सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा करतात, लांबीने उघडतात, दुमडून वाटीसारखा शिवतात आणि उभ्या चिरलेल्या मूत्राशयावर ठिगळ लावावं तसा जोडतात. कल्पना जुनी आहे: कुत्र्यांवर १८८८ मध्ये, माणसावर १८९९ मध्ये. रोजच्या वापरात ती आली लॅपिडेसच्या नळीनंतर, कारण मोठं केलेलं मूत्राशय स्वतःहून रिकामं होत नाही. या मुलीत त्याच ऑपरेशनमध्ये अपेंडिक्सची वाट करून ती बेंबीत उघडली होती. फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये सांगितलेली ही पद्धत व्हीलचेअरवरच्या किंवा कॅलिपर घातलेल्या मुलींसाठी वरदान ठरली. कपडे न काढता शाळेच्या बाथरूममध्ये बसल्या बसल्या नळी घालता येते.

ऑपरेशन उत्तम झालं होतं. काही वर्षं घरचे तिला घेऊन पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या. नंतर गाड्या सुरू झाल्या, पण यांचं जाणं सुरू झालं नाही. मुलगी कोरडी राहत होती, शाळेत जात होती, मग पुण्याला कशासाठी जायचं? मला हे निष्काळजीपणाचं वाटत नाही. एका फेरीला दोघांचा दिवसाचा रोज बुडतो, आणि तिकडे सगळं ठीक आहे एवढंच ऐकायला मिळतं.

गेल्या वर्षभरात लघवी गढूळ व्हायची, वास यायचा. प्रत्येक वेळी कल्चरमध्ये जंतू दिसले, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक मिळालं. मग उन्हाळ्यात आईला रंग दिसला. "चहागत लाल व्हालती बघा, म्हणून घाबरलो." सोनोग्राफीत बारा मिलिमीटरचा खडा निघाला. एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून तो काढला. तेव्हा आतडं आणि मूळ मूत्राशय जिथे जोडलंय त्या रेषेवर मखमलीसारखा लालसर पट्टा दिसला आणि त्याचा तुकडा घेतला गेला. तुकडा घेणं अगदी बरोबर होतं. खडा सापडला, रक्ताचं कारण मिळालं, असं म्हणून पुष्कळ जण थांबले असते.

काचपट्टीवर

मी आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहिलं. एका कडेला बोटांसारख्या विली, पण आखूड आणि बोथट. त्यांत चिकटा बनवणाऱ्या गोब्लेट पेशी भरपूर. हे लहान आतडं आहे आणि वर्षानुवर्षं लघवीत राहिल्यावर ते असंच दिसतं: विली झिजतात, खालच्या थरात सुजेच्या पेशी गर्दी करतात, पण आतड्याचा स्वभाव जात नाही. नऊ वर्षांनंतरही ते चिकटा बनवतच होतं. पहिल्या रिपोर्टातला "विलस अॅडिनोमा" म्हणजे बहुधा याच विली असाव्यात. अॅडिनोमात पेशींची केंद्रकं लांबट, गडद होतात, एकमेकांवर चढतात. इथे ती तळाशी ओळीने शांत बसली होती.

दुसऱ्या कडेला मूत्राशयाचं आपलं अस्तर, काही ठिकाणी चामडीसारखं जाड झालेलं. रोज नळी घासत असेल तर तसं होतं.

खरी अडचण मधल्या भागात होती. तिथे बारीक बारीक नळ्यांचा पुंजका होता. एकाच थराच्या घनाकार पेशी, काहींचं डोकं पोकळीत खिळ्यासारखं बाहेर आलेलं, आणि प्रत्येक नळीभोवती गुलाबी, जाडसर कडं. हे आतडंही नव्हतं आणि मूत्राशयाचं अस्तरही नव्हतं. नवख्या नजरेला हा भाग कॅन्सरचा वाटू शकतो, कारण क्लिअर सेल नावाचा एक खरा कॅन्सर थोडाफार असाच दिसतो. पण इथे पेशी विभागताना दिसत नव्हत्या, नळ्या स्नायूत घुसल्या नव्हत्या आणि ते गुलाबी कडं ठळक होतं. माझ्या मनात नेफ्रोजेनिक अॅडिनोमा आला. मूत्राशयात ऑपरेशन, खडा, नळी किंवा जुना संसर्ग असला की हा निरुपद्रवी उंचवटा होतो. मूत्राशय मोठं केलेल्या मुलांत तो जोडरेषेच्या आसपास दिसतो आणि तिथून रक्त येऊ शकतं.

त्याचा उगम २००२ मध्ये एका सुंदर निरीक्षणातून कळला. किडनी रोपण झालेल्या माणसांच्या मूत्राशयात असे उंचवटे तपासले, तेव्हा ज्यांच्यात दाता दुसऱ्या लिंगाचा होता त्यांच्यात त्या पेशींची गुणसूत्रं दात्याची निघाली. म्हणजे किडनीतल्या नळ्यांच्या पेशी लघवीबरोबर खाली येतात आणि मूत्राशयाचं अस्तर जिथे खरवडलेलं असेल तिथे रुजतात. म्हणूनच या पेशींवर पॅक्स-८ हा किडनीच्या नळ्यांचा रंग चढतो. तो रंग सोलापुरात आमच्याकडे नाही. ठोकळ्यातून कापलेल्या नव्या पट्ट्या मुंबईला पाठवल्या.

उत्तर यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न होता. "कॅन्सर नाही" असं छातीठोक सांगणं घाईचं झालं असतं. मी म्हटलं, "मला कॅन्सर वाटत नाही. का वाटत नाही तेही दाखवते." आणि त्यांना दुहेरी भिंगाच्या सूक्ष्मदर्शकात विली दाखवल्या. आतडं दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे हे पोटातलंच आतडं आहे? इतकी वर्षं जिवंत?" लघवीत नऊ वर्षं बुडून राहिलेला, पण स्वतःच्या रक्तवाहिनीवर जगणारा तुकडा पाहून माणूस थक्क होतो, मीही अजून होते.

मुंबईचा निकाल आला. मधल्या नळ्यांवर पॅक्स-८ ठसठशीत. विलींवर नाही, त्यांच्यावर आतड्याचा सीडीएक्स-२. पेशी वाढण्याचा वेग अगदी कमी. निदान: जोडरेषेवर नेफ्रोजेनिक अॅडिनोमा, शेजारी जुनाट सूज असलेलं लहान आतडं, कुठेही डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचे पेशींतले बदल, नाही. एक धोका इथे सांगते, कारण यात माणसं फसतात. रेसमेज नावाचा एक रंग प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी वापरतात, आणि तो नेफ्रोजेनिक अॅडिनोमावरही चढतो. मोठ्या पुरुषाच्या तुकड्यात फक्त त्यावर विसंबलं तर चुकीचं निदान होऊ शकतं.

बाटली एक की तीन

पहिल्या तुकड्यात आतडं, जोडरेष आणि मूत्राशय एकाच बाटलीत होतं. आतडं कुठलं हे ओळखता येतं म्हणून इथे निभावलं. पण उद्या खरंच आतड्यात डिस्प्लेसिया सापडला तर तो आतड्यातला की जोडरेषेवरचा, हे एकाच बाटलीतून सांगता येणार नाही आणि पुन्हा भूल देऊन पुन्हा दुर्बीण घालावी लागेल. म्हणून माझी विनंती सरळ आहे: अशा मुलांत तुकडा घ्यायची वेळ आलीच तर तीन बाटल्या. एकात जोडलेलं आतडं, एकात जोडरेष, एकात मूळ मूत्राशय. फॉर्मवर आतड्याचा कुठला भाग, कोणत्या वर्षी, मूळ आजार कोणता, खडे होते का, नळी कुठून घालतात, एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो.

लघवीतल्या पेशींच्या तपासणीवर, म्हणजे सायटॉलॉजीवर, मी अशा मुलांत फारसा भरवसा ठेवत नाही. आतड्याच्या पेशी झडून लघवीत येतच असतात, सूज असतेच, जंतू असतातच. त्या गोंधळात संशयास्पद पेशी असा शेरा सहज पडतो आणि त्यातून पुन्हा दुर्बीण.

तुकडा सोडून बाकीचं शरीर

सगळ्यांचं लक्ष त्या पट्ट्याकडे होतं. बालशल्यचिकित्सक मित्राने मात्र फोनवर विचारलं, "बायकार्ब किती आहे?" कुणी पाहिलंच नव्हतं. आतड्याचा तुकडा मूत्राशयात बसला तरी शोषण थांबवत नाही. लघवीतलं अमोनियम आणि क्लोराइड तो परत रक्तात ओढतो आणि बायकार्बोनेट सोडतो. रक्त हळूहळू आम्लतेकडे झुकतं आणि शरीर ती आम्लता भागवायला हाडांतले क्षार खर्च करतं. वाढीच्या वयातल्या मुलीला हे परवडत नाही, आणि जिचे पाय आधीच कमी हलतात तिची हाडं तर आधीच नाजूक असतात. तिचं बायकार्बोनेट १८ निघालं, क्लोराइड वर. सोड्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

बी-१२ ही कमी निघालं. यामागे आतड्याचा हिशेब आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात बी-१२ शोषलं जातं, म्हणून ऑपरेशनमध्ये शेवटचे पंधरा-वीस सेंटिमीटर मुद्दाम सोडतात. तरी काही मुलांत पुढे कमतरता येते आणि ती उशिरा येते, कारण यकृतात काही वर्षांचा साठा असतो. पहिल्या पाच वर्षांत रिपोर्ट चांगला आला म्हणून तपासणी सोडणं म्हणजे नेमकं कमतरता सुरू होते तेव्हा पाठ फिरवणं. या मुलीत आणखी एक फसवणूक: बी-१२ कमी झाल्याने पाय बधिर होतात, पण हिचे पाय जन्मापासूनच बधिर, मग ओळखणार कशावरून?

किडनीचं काम ज्यावरून जोखतात ते क्रिएटिनिन ०.५ होतं आणि कागदावर ते छान दिसतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि पायात स्नायूच कमी असलेल्या मुलीत ते खोटी खात्री देतं. म्हणून स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची चाचणी, सिस्टॅटिन-सी, केली; ती सामान्य कक्षेत आली. हे सगळीकडे होत नाही. पण एकदा तरी करून आधाररेषा ठेवावी असं मला वाटतं.

जंतूंबद्दलही बोलायला हवं. नळी वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू उगवतात. ताप नाही, पोट दुखत नाही, नवी गळती नाही, तर निव्वळ कल्चरवर औषध द्यायचं नसतं. वर्षभर प्रत्येक गढूळ लघवीला दिलेल्या अँटिबायोटिकने तिचा खडा थांबवला नाही. फक्त जंतू जास्त चिवट केले. गढूळपणा बहुतेक वेळा चिकट्याचा होता. चिकटा साचला की त्याभोवती खडा धरतो. त्यावर उपाय औषध नाही, धुणं आहे. रोज नळीतून मिठाचं पाणी आत घालून बाहेर काढायचं. मोठ्या मुलांत रोज २४० मिलिलीटर किंवा जास्त पाण्याने धुतलं तर खडे आणि संसर्ग कमी होतात असं अमेरिकेतल्या दीर्घकाळच्या नोंदींतून दिसलं आहे.

इथे सोलापूरचा प्रश्न सुरू होतो. शहराच्या पुष्कळ भागांत नळाला रोज पाणी येत नाही. मे महिन्यात तापमान ४३ च्या पुढे जातं. ती शाळेत पाणी प्यायचंच टाळायची, म्हणजे नळी कमी वेळा घालावी लागते. खडा होण्यासाठी यापेक्षा चांगली परिस्थिती शोधून सापडणार नाही. पुण्याच्या डिस्चार्ज कार्डावर "रोज आतून धुणे" एवढंच लिहिलेलं होतं. कुठल्या पाण्याने, ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आता रात्री लिटरभर पाणी उकळून त्यात नऊ ग्रॅम मीठ, गार करून झाकण लावलेल्या स्टीलच्या डब्यात. नऊ ग्रॅम मोजायला मेडिकलवाल्याने एक चमचा मापून दिला. साठवलेल्या टाकीचं पाणी थेट वापरायचं नाही, हे आईला दोनदा सांगितलं.

मुलगी पंधराची आहे म्हणून आईला आणखी एक गोष्ट सांगितली. आतड्याच्या चिकट्यामुळे लघवीची गर्भचाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते. उद्या कुठे भरती झाली आणि कुणी ती पट्टी लावली तर घरात उगाच वादळ. रक्ताची चाचणी मागायची. शिवाय या आजाराच्या मुलांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची, अॅलर्जी होण्याचा धोका खूप जास्त असतो. तिच्या नळ्या आणि दुर्बिणीच्या वेळचे हातमोजे लॅटेक्स नसलेले हवेत, हे ऑपरेशन थिएटरच्या नोंदीत लाल अक्षरात घातलं.

दरवर्षी दुर्बीण घालायची का

वडिलांचा हा खरा प्रश्न होता. "दरवर्षी तुकडा काढून तपासला तर काय बिघडतं?"

भीतीला इतिहास आहे. पूर्वी मूत्रवाहिन्या थेट मोठ्या आतड्यात सोडायचे. लघवी आणि विष्ठा एकत्र आली की जोडाच्या जागी पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. त्यामुळे आतडं आणि लघवी एकत्र आली की कॅन्सर असं डोक्यात बसलं. पण इथे विष्ठा नाही. २०१० मध्ये अमेरिकेत मूत्राशय मोठं केलेले १५३ रुग्ण आणि त्याच प्रकारच्या जन्मजात आजाराचे, फक्त नळीवर असलेले १५३ रुग्ण यांची तुलना झाली. मोठं केलेल्या गटात सात जणांना मूत्राशयाचा कॅन्सर, दुसऱ्या गटात चौघांना. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस ठरला नाही. मला यातून असं दिसतं की धोका आहे, पण त्यातला बराचसा त्या मूळ आजाराचा, सततच्या सुजेचा आणि नळीचा असावा; शिवलेल्या आतड्याच्या माथी सगळं मारता येणार नाही. कॅन्सर सापडला तो बहुतेक दहा वर्षांनंतर, पुष्कळदा त्याहूनही उशिरा, आणि सापडला तेव्हा बऱ्याचदा पुढे गेलेला. म्हणूनच दरवर्षी दुर्बीण घालण्याची शिफारस एकेकाळी होती. नंतर त्याचा आढावा घेतला तर ठरावीक वार्षिक दुर्बिणीतून फारसं काही हाती लागत नाही असं दिसलं. इंग्लंडमध्ये दहा वर्षांनंतरच्या ९२ रुग्णांत नेमाने पाहिलं, तर एकही कॅन्सर सापडला नाही.

आज बहुतेक जण दरवर्षी भेट, लघवी, किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, क्षार आणि बी-१२ यांवर थांबतात. दुर्बीण मात्र ठरावीक कारणांवर: डोळ्यांना दिसणारं रक्त, लघवीच्या एका क्षेत्रात ५० पेक्षा जास्त लाल पेशी, वर्षात चार किंवा जास्त वेळा लक्षणांसह संसर्ग, सतत ओटीपोटात दुखणं, सोनोग्राफीत नवी सूज किंवा गाठ. माझं मतही हेच. मुलीला दर वर्षी भूल, दर वर्षी जखम, दर वर्षी नेफ्रोजेनिक अॅडिनोमाला एक नवी खरवडलेली जागा. एवढा खर्च करून शांतता विकत घ्यायची असेल तर ती महाग आहे. तेच पैसे सोनोग्राफी, बायकार्बोनेट आणि बी-१२ च्या इंजेक्शनला पुरतात.

विड्यांचा मुद्दा मात्र मी सोडला नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं ज्ञात कारण धूम्रपान आहे, आणि अशा रुग्णांत तर ते आधीच असलेल्या धोक्यावर भर घालतं. आई विड्या वळते हा तिचा धंदा आहे, त्यावर मी काही बोलणार नव्हते. वडील ओढतात, त्यांना बोलले. ते हसले. मुलगी हसली नाही, आणि घरी जाऊन तिने काय केलं मला माहीत नाही, पण पुढच्या भेटीत वडिलांच्या खिशात बंडल दिसलं नाही.

यूट्यूबवर पाहून त्यांनी विचारलं, प्रयोगशाळेत मूत्राशय बनवतात ना? २००६ मध्ये अशी बातमी खरंच आली. सात मुलांत त्यांच्याच पेशी साच्यावर वाढवून मूत्राशयाला जोडल्या. पुढच्या चाचणीत २०१४ मध्ये मूत्राशय पुरेसं सैल होत नाही असं दिसलं आणि गंभीर त्रासही झाले. आतड्याला अजून पर्याय नाही.

सोलापुरात काय जमवलं

पुणे आणि मुंबई सोडून द्यावं असं नाही. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या बहुतेक गोष्टी सोलापुरात होतात. सोनोग्राफी, क्षार, बी-१२, लघवी हे सगळं इथल्या शासकीय रुग्णालयात आणि कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं. पुण्याला जायचं ते दुर्बीण लागली तर, किंवा बेंबीची वाट अरुंद झाली तर. पुण्यातल्या शल्यचिकित्सकाशी आमच्या बालशल्यचिकित्सकाने बोलून एवढी वाटणी करून घेतली. वडिलांनी आणलेल्या जुन्या डिस्चार्ज कार्डाच्या, जे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं होतं, रंगीत झेरॉक्स काढून दोन ठिकाणी लावल्या.

त्याशिवाय एक कार्ड बनवलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, मुलीच्या दप्तरात राहील असं. त्यावर: माझ्या मूत्राशयाला आतडं जोडलेलं आहे, मी बेंबीतून नळी घालते, लॅटेक्स चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची ओळ, जी शाळेतल्या बाईंना, आजीला आणि शेजाऱ्यांना समजेल अशी: अचानक पोट फुगलं, उलट्या झाल्या, खांदा दुखला किंवा ताप आला आणि नळीतून लघवी कमी निघाली तर मूत्राशय फाटलेलं असू शकतं, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. ज्या मुलीला ओटीपोटात नीट संवेदनाच नाही तिला पोटात भयंकर दुखेल याची वाट पाहत बसता येत नाही. मोठं केलेलं मूत्राशय वेळेवर रिकामं झालं नाही तर फाटू शकतं, आणि यात उशीर जीवघेणा ठरतो. नळी चुकवायची नाही, लग्नाच्या वरातीतही नाही, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही नाही, हे तिच्या आजीला पटवायला वेळ लागला.

१८ व्या वर्षी आणखी एक अडथळा येईल. शाळेतल्या आरोग्य तपासणीची योजना तिथे संपते, बालशल्यचिकित्सकाची हद्द तिथे संपते, आणि मोठ्यांच्या मूत्रविकारतज्ज्ञाला हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून आत्ताच, म्हणजे दोन-तीन वर्षं आधी, शहरातल्या एका मूत्रविकारतज्ज्ञाला ती दाखवून ठेवली. दोघे डॉक्टर एकाच दिवशी भेटले. यासाठी पैसे लागले नाहीत, फक्त फोन करावे लागले.

वर्षभराने परत लघवीत रक्त दिसलं, थोडंच, पण दिसलं. ठरल्याप्रमाणे दुर्बीण झाली. खडा नव्हता. जोडरेषेवर जुन्या जागी नखाएवढा पट्टा पुन्हा आला होता. नेफ्रोजेनिक अॅडिनोमा पुन्हा येतो, यात आश्चर्य काही नाही. या वेळी माझ्याकडे तीन बाटल्या आल्या, फॉर्म पूर्ण भरलेला, त्यावर ऑपरेशनचं वर्षसुद्धा. आतड्याच्या बाटलीत बोथट विली आणि सूज. मूळ मूत्राशयात जाड झालेलं अस्तर. जोडरेषेत त्याच बारीक नळ्या, पॅक्स-८ पुन्हा ठळक. कुठेही डिस्प्लेसिया नाही. बायकार्बोनेट २३ आलं होतं, बी-१२ चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी चालू होतं. पट्टा दुर्बिणीतूनच जाळून काढला.

पुढची दुर्बीण तिच्या बारावीच्या परीक्षेनंतर ठेवली आहे, फक्त तो पट्टा पाहण्यासाठी. त्याआधी लघवीत रक्ताच्या गाठी पडल्या, किंवा वर्षात चार किंवा जास्त वेळा तापासह संसर्ग झाला, तर परीक्षा असो नसो, लगेच.